डाव्या चाकाचं सील

चौकातला दिवा लाल झाला म्हणून सुनेनं ब्रेक दाबला, आणि गाडी जागच्या जागी थांबायची सोडून डावीकडे ओढली गेली. फार नाही, हातभर. पण त्या हातभर जागेत एक सायकलवाला पाय टेकून उभा होता. गाडीचा आरसा त्याच्या बाहीला चाटून गेला. त्यानं शिवी द्यायला तोंड उघडलं, आत बघितलं, चालवणारी बाई आणि तिच्या शेजारी पांढऱ्या डोक्याचा म्हातारा दिसल्यावर तोंड मिटून घेतलं आणि सायकल उचलून बाजूला झाला. त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं मास्तरांना वाटलं. सुनेचे दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट होते आणि बोटांची पेरं पांढरी पडली होती. "उजवं मागचं चाक धरत नाहीये, बाबा," ती समोर बघतच म्हणाली, आमटीत मीठ कमी आहे असं सांगावं तशा आवाजात. दिवा हिरवा झाला, मागच्यानं हॉर्न दिला, आणि ती बैलगाडीच्या चालीनं गाडी घरापर्यंत घेऊन आली. वाटभर मागून एक बारीक घूंऽऽ ऐकू येत होती. ती कालही असेल, परवाही असेल. मास्तरांच्या कानात ती आत्ता शिरली.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. उभा जन्म लोकांचे खांदे आणि कंबरा मोजण्यात गेला म्हणून टेलरमास्तर. पुढे टेलर झिजून गेलं आणि मास्तर तेवढं उरलं. सुईत दोरा जाईना झाला तेव्हा त्यांनी दुकान बंद केलं आणि यंत्र घरी खिडकीशी आणून ठेवलं. ही पिकप गाडी मुलाची. मुलगा लोकांची घरं हलवायचा. कपाटं, पलंग, फ्रिज, आणि शेवटी सगळ्यांच्या वर बांधलेली एखादी तुळस नाहीतर सायकल. दीड वर्षापूर्वी एका सकाळी कुणाच्या तरी दारात कपाट चढवून तो मागची फळी लावत होता, आणि लावता लावता खाली बसला. बसला तो उठलाच नाही. डॉक्टरांनी त्या प्रकाराला एक लांबलचक नाव दिलं, ते मास्तरांच्या लक्षात राहिलं नाही. 'बसला' एवढंच राहिलं. महिना-दीड महिना गाडी दारात धूळ खात पडली होती आणि एक दिवस सून चावी घेऊन बाहेर गेली. गाडी चालवायला तिला त्यानंच शिकवलं होतं, लग्नाच्या नव्या नवलाईत, हसत-भांडत. तेव्हापासून घरं ती हलवत होती. ओझं उचलायला दोन हमाल असत, पण दोर ती स्वतः बांधायची, आणि तिनं बांधलेली गाठ सुटत नसे. आणि आता ती स्वतःच हलणार होती. तिच्या थोरल्या बहिणीची डोंगरापलीकडच्या गावात रोपवाटिका होती; रोपं पोहोचवायला भरवशाचं माणूस हवं होतं, राहायला एक खोली होती. रविवारी निघायचं ठरलं होतं. हे तिनं जेवताना सांगितलं तेव्हा मास्तरांच्या बायकोनं "बरं" म्हटलं आणि आणखी एक पोळी वाढली. त्या "बरं" नंतर म्हातारी जी बांधाबांधीला लागली ती थांबलीच नाही. तिखटाचे डबे, जुनी चादर, नवी चादर, एक पाट, दोन पातेली. सून म्हणायची, "आई, तिथे मिळतं सगळं," आणि म्हातारी म्हणायची, "मिळतं गं. मिळू दे."

दारात गाडी उभी केल्यावर दोघं मागं जाऊन वाकली. उजव्या चाकाच्या आतल्या अंगाला टायरवरून एक काळा, चकचकीत ओघळ उतरला होता. मास्तरांनी त्याला बोट लावून वास घेतला. कुजक्या लसणासारखा उग्र, घशाशी येणारा वास. हा वास त्यांच्या ओळखीचा होता, आणि तो कुठून ओळखीचा आहे हे आठवायला त्यांचं मन तयार नव्हतं. सुनेनं मेकॅनिकला फोन लावला. त्याच्याकडे रांग लागली होती. सोमवारी गाडी आणून लावा, आठवडा तरी धरून चाला, असं तो म्हणाला. "मग पुढच्या आठवड्यात जाईन," सून म्हणाली, आणि मास्तरांच्या पोटात आनंदाची एक उकळी फुटली. ती इतकी उघडी-नागडी होती की त्यांना आजूबाजूला बघावंसं वाटलं, कुणी पाहिलं तर नाही ना. एक आठवडा. आठवड्यात काय काय होऊ शकतं. बहिणीला दुसरं माणूस मिळेल, गाडीचं आणखी काही निघेल, गाडीचं कायम आणखी काही निघतंच. त्या आनंदाच्या पाठोपाठ लाज आली. पोरगी पुढे बघून पाऊल टाकतेय आणि आपण म्हातारे तिच्या चाकात काडी घालून बसलोय. आणि त्या लाजेच्या भरातच ते बोलून गेले, "मी करतो."

"तुम्ही?"

"मी बघितलंय करताना. डाव्या बाजूचं त्यानं इथेच केलं होतं की. उजेडाला बॅटरी मीच धरली होती." मुलाचं नाव त्यांनी घेतलं नाही.

म्हातारी दारात उभी होती. "शिवणयंत्राला दोन थेंब तेल घालणं निराळं आणि हे निराळं," ती म्हणाली. "म्हातारपणी हे कसले डोहाळे लागलेत?" पण तिनं जुनं धोतर फाडून त्याची फडकी करायला घेतली, म्हणजे तिची हरकत नव्हती. सून बराच वेळ मास्तरांच्या हातांकडे बघत होती. हाताला त्यांच्या कंप नव्हता; देवानं डोळे नेले होते, हात ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या चाकांना दगड लावून त्यांनी जॅक चढवला, लोखंडी घोडा एक्सलखाली सरकवला आणि गाडी त्याच्यावर टेकवली. चाकाचे नट मास्तरांना हलेनात. सुनेनं चप्पल काढली, पान्याच्या दांड्यावर उभी राहिली आणि अंगाच्या वजनानं एकेक नट कुरकुरत ढिला झाला. मुलगा असाच उभा राहायचा, पण चप्पल न काढता. चाक निघालं, मग ड्रम, आणि आतून तो वास भसकन बाहेर आला. ब्रेकचे लायनर तेलात भिजून काळे पडले होते. भिजलेली भाकर धरावी तसे बोटांना लागत होते. म्हणून धरत नव्हतं चाक. मास्तर उकिडवे बसले आणि त्यांना एकदम ती संध्याकाळ आठवली, बॅटरीची, डाव्या चाकाची. ते या गाडीच्या त्या बाजूला असेच बसले होते आणि त्यांच्या हातातला उजेड मुलाच्या मानेवर पडत होता. मानेवर घामानं चिकटलेले केस होते आणि सदऱ्याची कॉलर उसवलेली होती, आणि मास्तर सगळा वेळ एक्सलकडे न बघता त्या उसवलेल्या शिवणीकडे बघत होते. शिंप्याचं पोर आणि कॉलर उसवलेली. "बाबा, उजेड हातावर पाडा, मानेवर काय शिवायचंय?" तो म्हणाला होता. रागवायच्या आधी हसवायची त्याला सवय होती, आणि मास्तरांना हसवलेलं आवडायचं नाही.

एक्सलचा दांडा बाहेर येईना. त्याला धरून ठेवणारे नट काढून झाले होते, तरी तो जागचा हलायला तयार नव्हता, सासरी जायला निघालेल्या मुलीनं दाराची चौकट धरावी तसा. मास्तरांनी मुलाची युक्ती आठवली. ड्रम उलटा करून दांड्याच्या तोंडाशी ढिलाच अडकवायचा आणि दोन्ही हातांनी हिसका मारायचा, म्हणजे ड्रमच हातोडा होतो. हिसका सुनेनं मारला. तिसऱ्या की चौथ्या हिसक्याला दांडा बोटभर पुढे आला आणि खालच्या घमेल्यात तेलाची धार लागली. दांडा ओढून काढून दोघांनी गोणपाटावर ठेवला. बेअरिंगवर हात ठेवून मास्तरांनी ते फिरवलं तर आत वाळू असल्यासारखं करकरलं. घूंऽऽ इथून येत होती. दांडा मास्तरांनी गोणपाटात गुंडाळला आणि सुनेनं तो रिक्षात घालून लेथवाल्याकडे नेला. जुनं बेअरिंग तोडून नवं दाबून बसवणं घरच्या हत्यारांनी होण्यासारखं नव्हतं, तेवढं त्याच्याकडून करून घ्यायचं होतं. ती जाऊन येईपर्यंत मास्तर आत हात घालून जुनं सील उपसत बसले. सील म्हणजे काय, तर लोखंडी कड्यात बसवलेला रबराचा एक ओठ. आतलं तेल आत राहावं आणि दांडा मात्र फिरत राहावा, एवढंच त्याचं काम. उजव्या बाजूचं सील गाडी बनली तेव्हापासूनचं असावं; ते वाळून कडक झालं होतं आणि काढता काढता त्याचे तुकडे पडले.

दुपारी नवे लायनर बसवायला घेतले तेव्हा सून म्हणाली, "दोन्ही बाजूंचे बदलावे लागतील ना? एका बाजूला नवे आणि एका बाजूला जुने असले तर परत एकीकडे ओढेल." हे खरं होतं. जोडीतलं एकच बदलत नाहीत. मास्तर उठून डाव्या बाजूला गेले आणि तिथे थोडा वेळ नुसते उभे राहिले. या चाकाला शेवटचा हात त्याचा लागला होता. नट त्यानं आवळलेले होते. घरात त्याच्या हातचं दुसरं काय होतं? त्यानं ठोकलेला एखादा खिळा असेल, पण खिळ्याकडे बघून तो आपलाच हात होता की त्याचा हे कळत नाही. हे मात्र त्याचं होतं, पक्कं. पाना लावताना मास्तरांना वाटलं, नको. मग वाटलं, तिला डोंगर उतरायचा आहे. सून पान्यावर उभी राहिली.

ड्रम निघाला आणि दोघांनी एकदमच पाहिलं. इथेही ओल होती. उजवीकडच्यासारखा ओघळ नव्हता, लायनर अजून कोरडे होते, पण सीलच्या खालून निघालेली एक तपकिरी, चिकट रेघ पाठीमागच्या पत्र्यावर उतरली होती आणि तिच्यावर धूळ बसली होती. नवंकोरं सील, दोन वर्षंही झाली नसतील. आणि मास्तरांच्या तोंडून निघून गेलं, "घाई! नेहमीची घाई!"

ते हळू बोलले नव्हते. सुनेच्या हातात फडकं होतं, ते तिनं चाकावर ठेवलं, व्यवस्थित घडी करून ठेवलं, आणि ती घरात निघून गेली. मास्तर मात्र थांबले नाहीत. मनातल्या मनात ते बोलतच राहिले, समोर उभं करून मुलाला बोलावं तसे. घाई. जन्माला यायचीसुद्धा घाई. आईला दवाखान्याच्या पायऱ्या चढू दिल्या नाहीत, पायरीवरच आला. सदऱ्याचं पहिलं बटण दुसऱ्या काजात. पानावरून उठायची घाई, शाळा सोडायची घाई. दुकानात बसवला तर महिन्याभरात कुणाच्या तरी महागाच्या कापडावर खुणा न करताच कात्री चालवली, आणि मास्तर गिऱ्हाइकासमोर त्याला म्हणाले होते, "तुझ्या हातात काही राहायचं नाही." तो हसला होता, कात्री ठेवून दिली होती आणि पुन्हा कधी दुकानाची पायरी चढला नव्हता. त्या संध्याकाळी बॅटरी धरून मास्तर "हळू, हळू" म्हणत होते आणि तो म्हणाला होता, "मास्तर, हे कापड नाही, लोखंड आहे. लोखंडाला जरा दटावावं लागतं." वडलांची चेष्टा करायची असली की तो मास्तर म्हणायचा. आणि त्यानं तो दांडा एका दमात आत सारला होता. धप्प असा आवाज झाला होता. त्या धप्पमध्येच ओठ फाटला असणार. दात्यांची धार आहे दांड्याला, रबराला नुसती घासली तरी पुरे. हळू घातला असता तर. दोन मिनिटं थांबला असता तर. बसला, म्हणे. बसायची तरी एवढी कसली घाई होती? आणि इथे आल्यावर मास्तरांना आपण कशाबद्दल बोलतोय ते कळेना. हात काळे होते, त्यामुळे डोळे पुसायचीही सोय नव्हती. त्यांनी दंडाला तोंड पुसलं आणि सील आणायला दुकानाकडे चालू लागले.

सुट्या भागांचा दुकानदार चष्मा कपाळावर चढवून बसलेला असे आणि तो दिवसभर चष्मा शोधत असे. सकाळी उजव्या बाजूचं सगळं त्याच्याकडूनच नेलं होतं. "काय मास्तर, गाडीला अस्तर लावताय की काय?" त्यानं विचारलं. मास्तर म्हणाले, "आणखी एक सील द्या. डावीकडचंही गळतंय. मुलानं बसवलं होतं, नीट बसलं नव्हतं." दुकानदार उठता उठता परत बसला. "दोन्हीकडनं गळतंय? मग सीलला कशाला बोल लावता? ब्रीदर बघितलात का?" मास्तरांना तो शब्द नवा होता. दुकानदारानं हातानंच दाखवलं. एक्सलच्या नळीवर, वरच्या अंगाला, शर्टाच्या बटणाएवढं एक झाकण असतं. गाडी पळते, आतलं तेल तापतं, हवा फुगते, ती त्या झाकणातून बाहेर जाते. "ते चिखलानं बुजलं की हवेनं जायचं कुठून? ती सीललाच रेटते. नवं असो, जुनं असो, ते बिचारं किती दिवस धरणार? चांगलं बसवलेलं सीलही गळायला लागतं." तो सील शोधायला वाकला. मास्तर त्याच्या काउंटरला धरून उभे राहिले. दुकानदार म्हणाला, "बसा की," आणि ते म्हणाले, "नको, बसत नाही."

घरी येऊन ते गाडीखाली उताणे सरकले. वयाच्या मानानं हे धाडसच होतं, आणि म्हातारीनं खिडकीतून तसं सुनावलंही. नळीवर बोटांनी चाचपत गेल्यावर ते सापडलं. बटण कसलं, चिखलाचं एक ढेकूळ होतं. खरवडून, पान्यानं फिरवून त्यांनी ते काढलं, बाहेर येऊन त्याला तोंड लावलं आणि फुंकर मारली. हवा गेली नाही. गाल दुखेपर्यंत फुंकलं, तरी नाही. मग रॉकेलमध्ये ते भिजत घातलं, घरात जाऊन गोधडीची दाभण आणली आणि तिच्या टोकानं भोकातला चिखल कणाकणानं बाहेर काढला. हे काम त्यांना येत होतं. पुन्हा फुंकर मारली तेव्हा पलीकडच्या तोंडाशी धरलेल्या बोटाला वारा लागला. ओठांवर रॉकेल आणि माती आली होती, ती ते पुसायचं विसरले.

मग त्यांनी डावा दांडा एकट्यानंच उपसला, बऱ्याच वेळानं, धापा टाकत, आणि मुलानं बसवलेलं सील जरासुद्धा दुखापत न करता बाहेर काढलं. ते त्यांनी रॉकेलनं धुतलं, उन्हाशी नेलं आणि आपल्या शिवणाच्या दुकानातलं जुनं भिंग डोळ्याला लावून त्याच्या ओठावरून नजर फिरवली, जशी कापडाच्या किनारीवरून फिरवावी तशी, टाक्याटाक्यानं. एक फेरी झाली, मग दुसरी झाली. कुठे चीर नव्हती, ओरखडा नव्हता. कड्यावर तिरप्या ठोक्याची खूण नव्हती. चारी अंगांनी सारखं ठोकत, सरळ बसवलेलं होतं ते. बेअरिंग फिरवून पाहिलं तर लोण्यात बोट फिरावं तसं, बिनआवाजाचं. एका दमात सारला होता दांडा, पण ओठाला न लावता सारला होता. ज्याला काम येतं त्याची घाई ही घाई नसते, हे मास्तरांनी गिऱ्हाइकांना किती वेळा ऐकवलं होतं, स्वतःच्या कात्रीबद्दल. ते सील हातात घेऊन पायरीवर बसले. कुणाला सांगावं? ज्याला सांगायचं तो नव्हता. 'चांगलं केलंस' हे शब्द त्यांनी ओठांशी आणून पाहिले. सरावाचे नव्हते, कडेला अडकत होते. आणि चांगलं केलेलं असूनही ते परत बसवता येणार नव्हतं. एकदा उपसलेलं सील पुन्हा धरत नाही. त्यांनी ते जुन्या तुकड्यांच्या ढिगात ठेवलं आणि नवं घेतलं. बेअरिंग मात्र त्याचंच राहू दिलं.

सून बाहेर आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. तिचे डोळे धुतल्यासारखे दिसत होते. मास्तरांना तिला सीलचं सांगायचं होतं, पण दांडा आत घालायचा होता आणि तो घालताना बोलता येत नाही. तिनं वजन पेललं, मास्तरांनी दोन बोटांनी टोक धरलं आणि अंधारात वाट चाचपावी तसा तो ओठाच्या मधोमध नेला. "थोडं वर. थोडं माझ्याकडे. आता सोड, आता सोड." दोन्ही बाजू झाल्या. लायनर बसले, ड्रम चढले, चाकं चढली. झाकण जागेवर गेलं. नळीत नवं तेल भरलं, ते भोकाच्या काठाशी आल्यावर मास्तरांनी बूच आवळलं. म्हातारीनं दोघांच्या हातांवर पाणी घातलं, साबण दिला, पुन्हा पाणी घातलं, आणि हात काही गोरे झाले नाहीत. "राहू दे," ती म्हणाली, "चहा काय हातानं प्यायचाय?"

शनिवारी सून गाडी पारखायला घेऊन निघाली आणि मास्तर तिच्या शेजारी चढले. घूंऽऽ गेली होती. तिच्या जागी इतकी शांतता होती की मागची मोकळी फळी खडखडतेय हे पहिल्यांदाच ऐकू आलं. पाण्याच्या टाकीजवळ एक लांब, निर्जन उतार होता. तिथे तिनं वेग वाढवला, "धरा हं, बाबा," म्हणाली, आणि ब्रेक दाबला. गाडी रेघेत थांबली. पुन्हा चढून पुन्हा उतरली, पुन्हा रेघेत. उताराच्या तळाशी तिनं गाडी बाजूला घेऊन बंद केली आणि दोघं खाली उतरून चाकांच्या आत डोकावली. कोरडी होती. परत आत बसल्यावर तिनं चावी फिरवली नाही.

"त्याची चूक नव्हती," मास्तर म्हणाले. त्यांना वाटलं होतं हे सांगायला पुष्कळ बोलावं लागेल, पण त्याच्या आधीचं काही सुचलं नाही. मग त्यांनी झाकणाचं सांगितलं, भिंगातून बघितल्याचं सांगितलं. "चांगलं बसवलं होतं त्यानं. माझ्यापेक्षा चांगलं. मी उगाच बोललो काल."

सून काचेतून समोर बघत राहिली. समोर काही नव्हतं, एक भिंत होती आणि भिंतीवर वाळत घातलेली कुणाची तरी सतरंजी. मग ती म्हणाली, "आणि माझी?"

"तुझी काय?"

"त्या दिवशी सकाळी तो म्हणाला, खांदा दुखतोय. मी मलम चोळलं. म्हटलं, काल पलंग उचललास ना, त्यानं दुखत असेल. आणि डबा दिला." तिचा आवाज वर गेला नाही, उलट आणखी सपाट झाला. "दवाखान्यात आईंनी मला विचारलं, तुला सकाळी काही दिसलं नाही का गं? एवढंच. नंतर कधी काही म्हणाल्या नाहीत. तुम्हीपण नाही म्हणालात. मी खोलीत आले की तुम्ही दोघं गप्प होता. काळजीनं होता, कळतं मला. पण मला रोज तेच ऐकू येतं, बाबा. दिसलं नाही का गं?"

मास्तरांना दवाखान्याचा तो हिरवट भिंतींचा बोळ दिसला, बाकडं दिसलं. बायको हे बोलली तेव्हा ते तिथेच होते. त्यांना वाटलं होतं, आईचं काळीज आहे, बोलून गेलं, विरून जाईल. दीड वर्ष त्यांनी सांभाळून सांभाळून या पोरीसमोर मुलाचं नाव काढलं नव्हतं, तिला दुखू नये म्हणून दारं-खिडक्या लावून घेतल्या होत्या. आणि ती आत बसून होती, त्या एका वाक्याबरोबर. बहिणीची रोपवाटिका, भरवशाचं माणूस, खोली. सगळं खरं होतं, आणि ती निघाली होती ते त्यासाठी नव्हे.

"नाही, पोरी," ते म्हणाले. "नाही. खांदा दुखतो म्हटल्यावर मीही मलमच चोळलं असतं. कुणीही तेच केलं असतं. तुझी काही चूक नव्हती."

तिनं मान हलवली. मग तिनं कपाळ स्टिअरिंगला टेकवलं आणि ती रडली, हुंदके न देता, पाठ हलत होती तेवढीच. मास्तरांनी हात पुढे केला; तो काळा होता, तिच्या कपड्यांना डाग पडला असता. तरी त्यांनी तो तिच्या पाठीवर ठेवला. काही वेळानं ती सरळ बसली, नाक पुसलं आणि म्हणाली, "हे तेव्हा म्हणाला असतात तर." त्यात राग नव्हता. मास्तरांनी विचारलं, "आता राहशील?" हे विचारायचं नाही असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. ती म्हणाली, "आता जायला हवं, बाबा. आता जाता येईल." आणि तिनं चावी फिरवली.

त्या संध्याकाळी मास्तरांनी बायकोला स्वयंपाकघरात गाठून सगळं सांगितलं. म्हातारी ऐकत होती आणि एका डब्याचं झाकण घट्ट लावत होती, काढून पुन्हा लावत होती. "मी असं बोलले?" तिनं विचारलं. मग म्हणाली, "बोलले असेन." आणि डबा बाजूला सारून, "मला तर आठवतसुद्धा नाही हो." ती जेवली नाही. मास्तरांना वाटलं, उठेल, सुनेच्या खोलीत जाईल. ती उठून दारापर्यंत गेली, चौकटीला हात लावून उभी राहिली आणि परत आली.

रविवारी उजाडताच सामान चढलं. पाटसुद्धा चढला. सुनेनं दोर ओढून गाठ मारली, दोघांच्या पाया पडली आणि वर चढून बसली. म्हातारी खिडकीशी गेली. तिनं दोन्ही हातांनी सुनेचा चेहरा धरला, अंगठ्यांनी तिचे गाल पुसले, गाल कोरडेच होते तरी पुसले. तिचे ओठ हलत होते. मास्तर दोन पावलं मागे उभे राहून वाट बघत होते, आणि सूनही बघत होती. इंजिन चालू होतं तरी ती गाडी पुढे घेत नव्हती. "हळू जा," म्हातारी शेवटी म्हणाली. "उतारावर हळू."

"हो, आई."

गाडी गल्लीच्या टोकाशी वळली, मागची फळी एकदा खडखडली, आणि मग रिकामा रस्ता राहिला. पलीकडच्या घरात कुणीतरी नळ सोडला. म्हातारी हलली नाही. त्या रिकाम्या रस्त्याकडे बघत, स्पष्ट, नीट आवाजात ती म्हणाली, "तुझी काही चूक नव्हती गं. माझंच चुकलं बोलायला."

"हे तिला सांगायचं होतं," मास्तर म्हणाले.

"हो."

"फोन लाव. आत्ता लाव."

म्हातारीनं फोन हातात घेतला, त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "गाडी चालवताना ती उचलत नाही," ती म्हणाली. "आपल्या पोरानं लावलेली शिस्त आहे."

मग ती पायरीवर बसली, फोन मांडीत ठेवून. मास्तर तिच्या शेजारी टेकले. डोंगर ओलांडून पोहोचायला सुनेला संध्याकाळ होणार होती, आणि आत्ता कुठे ऊन समोरच्या भिंतीच्या वर आलं होतं.